सुईच्या आधी बोलून घ्या

हॉस्पिटलच्या तळघरात तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे कुलूपबाई. दोन्ही तिच्या कानावर येत. तिला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण लोकांच्या तोंडाला कुलूप घालणं हीच तिची नोकरी होती, आणि ती तिने एकोणीस वर्षं केली होती.

तळघरात स्कॅनचा विभाग होता. रोज सकाळी शिशाच्या जाड डब्यात औषध यायचं. औषध म्हणजे तसं पाहिलं तर साखरच, पण किरणं सोडणारी साखर. ती सुईने शिरेत सोडायची. अंगात जो खादाड असेल तो ती जास्त ओढून घेतो, आणि कॅन्सरच्या गाठीसारखं खादाड दुसरं काही नाही. तासाभराने माणसाला यंत्रात निजवलं की साखर जिथे साठली तिथे उजेड दिसतो. डॉक्टर म्हणतात, हा बघा चोर.

भानगड एकच. राबणारा स्नायूसुद्धा साखर खातो. माणूस बोलला की जीभ राबते, गळ्यातल्या पट्ट्या राबतात, आणि तिथेही उजेड पडतो, खोटा. त्या खोट्या उजेडात खरा चोर लपून बसतो. म्हणून तोंडा-घशाच्या, माना-जबड्याच्या पेशंटने सुईनंतर तासभर अक्षर काढायचं नाही. चघळायचं नाही, गुणगुणायचं नाही, फोन तर बाहेरच. अंधाऱ्या खोलीत, लांबलचक खुर्चीत, मानेपर्यंत पांघरूण घेऊन पडून राहायचं. कुलूपबाई पांघरूण नीट करायची, "तासभर. जन्मभर नाही," एवढंच म्हणायची आणि मिनिटाच्या आत बाहेर पडायची. सुई घेतलेल्या माणसापाशी रेंगाळायचं नाही, हा तिच्यासाठीचा नियम. मग बाहेर बसून कॅमेऱ्यात बघायचं. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. पण ओठ हलले की ती भोंग्यात नुसतं "अं?" म्हणायची, आणि ओठ थांबायचे. एकदा एका पोलीस साहेबाने विचारलं होतं, "मी कोण आहे माहीत आहे का?" ती म्हणाली, "तासाभराने सांगा, मग माहीत करून घेते."

अशी ही बाई. आणि घरी गेली की भिंतीपलीकडे तिची थोरली जाऊ.

थोरली बसस्थानकावर गाड्या पुकारायची. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर, सगळं माइकवरून. गावातल्या लहान-थोराला तो आवाज ठाऊक. घरी माइक नव्हता, पण त्यामुळे काही अडत नसे. सकाळी भाजी जळली तर गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं, कुठल्या फलाटावर जळली ते.

एके काळी घर एकच होतं. थोरलीची पाळी पहाटे, म्हणून तिचा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत धाकटीच्याच कडेवर वाढला. धाकटीला मूल नव्हतं. ते पोर तिच्या हातून जेवायचं, तिच्याजवळ झोपायचं आणि झोपेत तिलाच आई म्हणायचं. मग धाकटीला तळघरातली नोकरी लागली. पंधरा दिवसांत थोरलीने गल्लीत आवई उठवली की ही किरणं अंगाला लावून घरी येते, अंधारात चमकते, हिच्या हातचं पाणी पिऊ नका. पोराला ओढून नेलं. अंगणातून छातीएवढी भिंत घातली. कपड्यांच्या दोऱ्यासुद्धा दोन झाल्या, का, तर हिच्या कपड्यांची किरणं तिच्या चादरींना लागतील.

धाकटीच्या छातीवर नोकरीतला, किरणं मोजणारा बिल्ला असायचा. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जायचा आणि कागद यायचा की अंगावर मर्यादेच्या आत, काही भीती नाही. पहिला कागद घेऊन ती भिंतीशी गेली होती. थोरली म्हणाली, "कागदावर काय, कुणीही काहीही लिहितं." त्यानंतरचे सगळे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाऊन पडले. डबा भरला, दुसरा आणला. दोघी जावांमध्ये विस्तव जात नव्हता. नवरे मात्र कोपऱ्यावर चोरून एकत्र चहा प्यायचे आणि घरी येताना वेगवेगळ्या वाटांनी यायचे, जसे काही शाळा चुकवून आलेत.

पोर मोठं झालं, लग्न झालं, त्याला मुलगी झाली. आठ महिन्यांची ती चिमुरडी धाकटीने भिंतीवरून पाहिलेली, तीही फक्त डोक्याकडून.

एके दिवशी गणवेशाच्या कॉलरचं बटण लावताना थोरलीच्या हाताला मानेत डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. आवाज खणखणीत. सुईने तपासली तर कॅन्सर. पण डॉक्टर म्हणाले, ही गाठ फांदी आहे, मूळ दुसरीकडे आहे, आणि ते काही सापडत नाही. घशात कॅमेरा घालून बघितलं, काहीच नाही. मूळ सापडलं तर तेवढ्याच जागेवर उपचार. नाही सापडलं तर नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंत सगळा घसा किरणांनी भाजायचा. मग आवाज राहील की नाही, सांगता येत नाही.

थोरलीने एवढंच विचारलं, "म्हणजे माइक गेला?"

डॉक्टर म्हणाले, "आधी स्कॅन करू."

आणि या भागात स्कॅन एकाच तळघरात होत होतं.

मुलगा तिला घेऊन आला. "काकू," तो हळूच म्हणाला, आणि आईने बघितल्याबरोबर वर जाऊन बसला. थोरलीने कुलूपबाईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"इथेही तूच?"

"मी एकोणीस वर्षं इथेच आहे. तुम्ही आज आलात."

भांडणातसुद्धा धाकटीचं "तुम्ही" सुटत नसे. वळणच तसं होतं, आणि शिवाय "तुम्ही"मध्ये जितकं विष घालता येतं तितकं "तू"मध्ये मावत नाही.

तंत्रज्ञाने बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर बघितली, शिशाच्या नळकांड्यातली सुई दंडात टोचली आणि यंत्राकडे निघून गेला. कुलूपबाईने पांघरूण मानेपर्यंत ओढलं, दिवा मंद केला. आता "तासभर, जन्मभर नाही" म्हणायचं आणि निघायचं. पण तिच्या जिभेवर दुसरंच आलं.

"आणि घरी गेल्यावर नातीला जवळ घ्यायचं नाही. उद्या सकाळपर्यंत तुमच्या अंगातून किरणं निघणार. लहान मुलांना लांब ठेवायचं असतं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, हा नियम तर तुम्हीच काढलात."

सूचना खरी होती. पण ती पेशंट घरी निघताना द्यायची असते. सुई टोचल्याबरोबर, आणि तीही असं हसून, तिने एकोणीस वर्षांत कुणाला दिली नव्हती.

थोरली उठून बसली.

"बोललीस! एवढ्या वर्षांचं साठवलेलं आज बाहेर काढलंस. मला सुई टोचेपर्यंत वाट बघत होतीस ना?"

"पडून राहा. बोलू नका."

"मला गप्प करतेस? माझ्या पोराला चार दिवस कडेवर घेतलंस म्हणून आई झालीस का ग?"

कुलूपबाईचा हात दाराच्या कडीवर होता. कडी ओढायची आणि बाहेर जायचं, बस. समोरून उत्तर नसलं की माणूस दोन मिनिटांत थंड होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण हात कडीवर राहिला आणि तोंड मागे वळलं.

"चार दिवस नाही, सहा वर्षं. आणि मी आई झाले नाही. तोच मला म्हणत होता. म्हणून त्याला ओढून नेलंत, आणि नाव किरणांचं केलंत."

"केलं! परत करीन!"

"करा की. आता कुणाच्या अंगात आहेत ती किरणं?"

मग जे सुटलं ते सुटलं. सासूच्या आजारपणात कोण जागलं, भिंत घालताना कुणी कुणाच्या झाडाची फांदी तोडली, लग्नात फोटो काढताना कोण कुणाला कोपराने मागे सारत होतं. वीस मिनिटं. आवाज नसलेला कॅमेरा निमूटपणे बघत होता आणि बाहेर त्याच्या पडद्यापुढची कुलूपबाईची खुर्ची रिकामी होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा कुलूपबाईने कडी ओढली. ती बाहेर पडली. थोरली आत एकटीच पुटपुटत राहिली, आणि भोंग्यात "अं" म्हणायचं कुलूपबाईचं धाडस झालं नाही.

दुपारी तीनला विभागाच्या डॉक्टरबाई पडद्यावरची चित्रं बघत होत्या. कुलूपबाई धुवायची पांघरुणं घेऊन मागून चालली होती. एवढ्या वर्षांत ती चित्रं तिलाही थोडीफार वाचता येत. जिभेच्या बुडापासून स्वरयंत्रापर्यंत सगळं लखलखत होतं, बाजार भरल्यासारखं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही बाई बोलली तर नाही ना मधे?"

तंत्रज्ञ हसला. "मावशींच्या खोलीत? डॉक्टर, तिथे माशीसुद्धा तोंड मिटून उडते."

"तेही खरंच." डॉक्टरबाईंनी मान हलवली. "मग स्वरयंत्राशी हा उजेड खरा धरावा लागेल. मूळ इथेच दिसतंय. इथला तुकडा काढून तपासायला लिहिते."

कुलूपबाई पांघरुणं छातीशी धरून उभी राहिली. कुणी तिला काही विचारलं नव्हतं. तिचा एवढा लौकिक होता की विचारायची गरजच नव्हती. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला बरं वाटलं. त्या गळ्यानेच तिला गल्लीभर चमकणारी बाई केलं होतं. पडू दे एकदा सुरी त्याच गळ्यावर. ती फक्त पुढे चालत गेली असती तरी भागलं असतं. नोकरी जागेवर, लौकिक जागेवर.

पण पडद्यावरचा उजेड खोटा होता, आणि तो तिने पाडलेला होता. थोरलीची तिला दया आली असं मुळीच नाही. राग आला. असला खोटा उजेड पडू नये म्हणून तिने हजारो लोकांना दटावलं होतं, नको नको ते शाप खाल्ले होते. आणि खरा चोर त्या बाजारात कुठेतरी बसून दात काढत असणार.

"बोलली ती," कुलूपबाई म्हणाली. "वीस मिनिटं तरी. नंतर एकटीच पुटपुटत होती."

डॉक्टरबाई वळल्या. "मावशी, तुम्ही कुणाला पाठीशी घालताय?"

"कुणालाच नाही. ती माझी थोरली जाऊ आहे. मीच तिला डिवचलं, मीच उभी राहून भांडले."

तंत्रज्ञाचं हसू तोंडातच राहिलं. डॉक्टरबाईंनी लिहिलेलं खोडलं, अगदी सावकाश, आणि मग मात्र आवाज चढवला. "अहो, तिच्या घशाचा प्रश्न आहे! तुम्हाला भांडायला जगात हीच खोली सापडली?"

कुलूपबाई गप्प राहिली. गप्प राहणं तिला येत होतं, फक्त दोन तास उशिरा आठवलं होतं.

मेमो मिळाला. खोलीवरून काढून वरच्या मजल्यावर चादरींच्या कोठीत बसवलं. तिच्या जागी नवी मुलगी आली. स्कॅन आठवड्याने पुन्हा करायचं ठरलं.

थोरलीने भिंतीवरून गल्लीला जाहीर केलं, "माझी तपासणी हिने मुद्दाम नासवली! माझा आवाज जावा म्हणून!" निम्मं खरं होतं, आणि धाकटीला तेच टोचलं. सगळं खोटं असतं तर ती भिंतीशी गेली असती. ती कपडे वाळत घालत राहिली.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी थोरली बोळातल्या बाकावर बसली होती. शेजारी चार-पाच पेशंट, त्यांची माणसं. नवी मुलगी कागद भरून घेत होती. अजून सुईला अर्धा तास होता. कोठीतून कुलूपबाई खाली आली. कुणी बोलावलं नव्हतं. येऊन थोरलीसमोर उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली.

"काय बोला?"

"जे असेल ते सगळं. सुईच्या आधी बोलून घ्या. अर्धा तास आहे. नंतर तासभर काही मिळणार नाही."

"तू सांगशील तेव्हा बोलू का मी? मी काय रेडिओ आहे?"

"नका बोलू. मग खुर्चीत पडल्यावर पोटात उकळेल, ओठ हलतील, आणि ही पोरगी नवी आहे, हिचं कोण ऐकणार? मागच्या वेळी मी चुकले. आज तुम्ही चुकलात तर आवाज तुमचा जाईल."

थोरलीने नाक उडवलं, मान फिरवली. मग मान परत फिरली. "चुकले म्हणे! ऐकलंत का हो? ही बाई चुकले म्हणाली!" तिने बाकावरच्या सगळ्यांना साक्षीला घेतलं आणि सुरू झाली. गाडी सुटली ती सुटलीच. धाकटीच्या लग्नातल्या चपलांपासून सुरुवात, मग सासू, मग अंगणातलं झाड, मग नवऱ्याला चहाला बोलावून फितवणं. म्हणजे तो चोरटा चहा तिला ठाऊक होता तर! बाकावरचा एक म्हातारा बायकोला म्हणाला, "आपला नंबर लागला तरी हे संपल्याशिवाय उठू नकोस."

कुलूपबाई उभी. उत्तरं जिभेच्या टोकावर येऊन परत जात होती. थोरली म्हणाली, "सासूबाई शेवटी तुझं नाव घेत होत्या ते तू त्यांचं पाणी हिसकावलंस म्हणून!" तेव्हा तिचा जबडा दुखायला लागला इतका तिने आवळला. पाणी बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे एक वाक्य पुरे होतं. ते तिने गिळलं. कारण एका उत्तराला थोरलीकडे दहा उत्तरं असतात, आणि ती दहा सुईनंतर आली असती.

"आणि तुझ्याकडे पोर ठेवलं तेच माझं चुकलं," थोरली म्हणाली, आणि इथे तिचा आवाज थोडा खाली आला, बसस्थानकावर गाडी रद्द झाल्याचं सांगताना यायचा तसा. "घरी यायचा तेव्हा माझ्याकडे परक्यासारखा बघायचा. मी पाळीवरून दमून यायची आणि माझं पोर तुझ्यामागे लपायचं."

कुलूपबाईने आवळलेला जबडा सोडला.

नवी मुलगी दारात आली. "चला, आजी."

थोरली उठली. दमली होती, कपाळावर घाम. "मी बोलले. आता तू बोल."

"मला कुठे सुई आहे? माझं मी उद्या बोलेन."

थोरलीने असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी वितळली असती. आणि आत गेली.

तासभर तिने अक्षर काढलं नाही. मध्येच नव्या मुलीने भोंग्यातून विचारलं, "बरं वाटतंय ना?" तर थोरलीने पांघरुणातून हात काढून ओठांवर बोट ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे डोळे वटारले. वर कोठीत कुलूपबाई त्याच त्या चादरींची चळत तीनदा रचून मोडत होती.

चार वाजता डॉक्टरबाई स्वतः जिना चढून कोठीत आल्या. "डावा टॉन्सिल," त्या म्हणाल्या. "डाळीच्या दाण्याएवढं. मागच्या वेळी शेजारच्या उजेडात झाकलं गेलं होतं. स्वरयंत्र साफ आहे. तुकडा तपासू, पण मूळ तेच दिसतंय. टॉन्सिल आणि मानेतली गाठ काढू, लागली तर तेवढ्या जागेपुरती किरणं. थोडे दिवस घसा बसेल, पण माइक सुटणार नाही."

कुलूपबाईने हातातली चादर खाली ठेवली.

"मेमो मात्र राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"राहू द्या. खराच आहे तो."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे अडचण उभी राहिली. थोरलीच्या भागात खोली एकच आणि स्वयंपाकघर. आजी आणि नात एका खोलीत नकोत. मागच्या वेळी सून मुलीला घेऊन माहेरी गेली होती. या वेळी तिची आईच आजारी. मुलगा भिंतीशी आला. "काकू, रात्रीपुरती दोघींना तुझ्याकडे?"

धाकटीने ओले हात पुसले, नीट, बोटाबोटांतून. सुनेने मुलगी भिंतीवरून दिली. आठ महिन्यांचं ते ओझं एकदम कडेवर बसलं, जागा ठाऊक असल्यासारखं, आणि त्याने धाकटीचा कान धरला.

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. थोरली दारात बसली होती.

"मान सांभाळ तिची."

"तुमच्या मुलाची सांभाळली होती. अजून जागेवर आहे."

"तुझी किरणं लागतील तिला."

"माझ्यात नाहीत. आज तुमच्यात आहेत. खुर्ची मागे घ्या."

मग खुर्ची मागे सरकली. एक हात. धाकटीने वाट बघितली. आणखी एक हात सरकली.

"सकाळी परत द्यायची," थोरली म्हणाली. "सकाळ म्हणजे किती वाजता?"

"सात."

सकाळी पावणेसातला थोरली भिंतीशी उभी होती, केस विंचरून, हात पुढे करून. धाकटी मुलीला घेऊन अंगणात आली आणि आपल्या बाजूला थांबली.

"पावणेसातच झालेत."

"माझ्या घड्याळात सात झालेत."

"तुमच्या घड्याळाने गाड्या उशिरा सुटतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

पंधरा मिनिटं दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, एक शब्द न बोलता. मुलगी एकीकडून दुसरीकडे बघत होती. सातचे ठोके पडले तेव्हा धाकटीने तिला दोन्ही हातांनी उचलून भिंतीपलीकडे दिलं. थोरलीने छातीशी धरलं, हुंगलं, इकडून तिकडून तपासलं, कुठे काही चमकतंय का बघितल्यासारखं. मग मुलीला कडेवर घट्ट बसवून वर बघितलं.

"हं. काल म्हणाली होतीस. बोल आता."

धाकटीने दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली.

"पाणी डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तिथून सुरू करते."